गच्चीला मार्क देणाऱ्या बाई

मे महिन्यातल्या एका दुपारी चार वाजता, नागपुरातल्या एका बारच्या गच्चीवर, अडुसष्ट वर्षांच्या आमच्या बाई चपला हातात घेऊन अनवाणी उभ्या होत्या. बार उघडायला अजून दोन तास होते. खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. बाई नऊ पावलं चालल्या, दहाव्या पावलाला थांबल्या, चपला खाली टाकून त्यांत पाय घातले आणि माझ्याकडे वळल्या.

"पाय पोळते. याच्यावर तुमी पोट्टे सात वाजता बसान, तं तव्यावर बसल्यासारखे बसान. नापास."

आम्ही मोठी पार्टी बुक करायला आलोय या समजुतीनं मॅनेजर टाय लावून वर आला होता. तो अदबीनं म्हणाला, "मॅडम, सातला आम्ही फवाऱ्याचे पंखे लावतो. एकदम थंड होतं."

"फवारा हवेले मारता. हवेनं काय केलं तुमचं? तापलं हाय थे खालचं सिमेंट. त्याच्यावर पाच वाजता पानी मारा, मंग मी परत येतो."

आमच्याकडे बायकाही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. मॅनेजर बहुधा बाहेरचा होता. त्यानं एकदा बाईंकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. बाईंनी पिशवीतून शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी आखलेली वही काढली, त्या गच्चीच्या नावासमोर काहीतरी लिहिलं आणि माझ्या खांद्याला धरून जिना उतरू लागल्या.

बाईंनी आम्हाला आठवीपासून दहावीपर्यंत भूगोल शिकवला, कारंज्याला. पुस्तकातला भूगोल त्या पंधरा मिनिटांत उरकायच्या. उरलेला तास त्यांचा स्वतःचा असायचा. चष्म्याच्या घरात त्या चष्मा ठेवत नसत, थर्मामीटर ठेवत. चष्मा कायम कपाळावर. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की पहिल्या तासाला आम्हाला शाळेच्या गच्चीवर नेऊन त्या पारा वाचायला लावायच्या आणि तो आकडा दिवसभर फळ्याच्या कोपऱ्यात राहायचा. गणिताच्या सरांनी एकदा तो पुसला, तर बाईंनी मधल्या सुट्टीत येऊन परत लिहिला आणि खाली रेघ मारली.

डावं-उजवं हे शब्द त्यांना चालत नसत. "उत्तरेकडच्या बाकावरचा, उभा राह्य," असं त्या म्हणायच्या. आमच्या वर्गात जवळच्या धनज गावाहून एसटीनं येणारी बरीच मुलं होती. एकमेकांची नावं पाठ व्हायच्या आधी आम्हाला कोण कोणत्या दिशेला बसतं ते पाठ झालं. एकदा सहलीहून परतताना गच्च भरलेल्या एसटीत कंडक्टर ओरडत होता, "पुढे सरका, पुढे सरका." बाईंनी त्याला विचारलं, "पुढे म्हंजे कोनीकडे?" तो वैतागून म्हणाला, "बाई, अमरावतीकडे." "मंग ईशान्येले सरका म्हन ना." आम्ही चाळीस मुलं निमूटपणे ईशान्येला सरकलो. आमच्या मागोमाग बाकीचे प्रवासीही सरकले. कंडक्टरनं नंतर बाईंना स्वतःची सीट दिली.

त्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची कारंज्यात कोणाची हिंमत झाली नाही, आणि बाईंनी आपणहून सांगितलं नाही. कापूस बाजाराच्या बाजूला दोन खोल्यांत त्या भाड्यानं राहायच्या. त्या खोल्या घेण्याआधी त्यांनी अकरा घरं बघितली होती म्हणे, आणि प्रत्येक घरी खोल्यांत न शिरता आधी गच्चीवर गेल्या होत्या. उन्हाळ्यात वारा कुठून येतो, जिनिंगमधली रुई कुठे उडते, शेजारची भिंत किती वाजता सावली देते. "खोल्या कशाबी असो," त्या घरमालकाला म्हणाल्या, "चार महिने मी वरच राह्यतो." गुढीपाडव्याला गादी वर जायची ती मृगाच्या तोंडावर खाली यायची.

हे सगळं आम्ही विसरलो असतो. शाळा सुटून वीस वर्षं झाली. प्रमोद धनजचा, तो बँकेत लागला. विलास आणि मी कारंज्याचेच. त्याचं औषधांचं दुकान, मी प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या कंपनीत. तिघंही नागपूरला आलो आणि दर शनिवारी संध्याकाळी एका गच्चीवरच्या बारमध्ये बसायची सवय लागली. चांगली दहा वर्षं ती टिकली. घरचं, ऑफिसचं, गावाकडचं, सगळं त्या गच्चीवर बोललं जायचं. प्रमोदच्या वडिलांचं आजारपण, विलासचं दुकान उभं राहणं, माझी मुलगी झाली ती बातमी, सगळ्याला ती गच्ची साक्षी होती.

मग मी जाणं बंद केलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी ऑफिसातल्या एकाकडे दुपारचं जेवण होतं. तिथं बिअर झाली, जरा जास्तच झाली. संध्याकाळी मैत्रिणीच्या वाढदिवसाहून मुलीला आणायचं होतं. मी स्कूटर घेऊन गेलो. तेव्हा ती सात वर्षांची होती. घराजवळच्या वळणावर गाडी घसरली. मला काही झालं नाही. तिची हनुवटी फुटली, तीन टाके पडले. दवाखान्यात बायको धावत आली आणि काय झालं म्हणून विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "कुत्रं आडवं आलं, आई. बाबाची काही चूक नाही."

कुत्रं नव्हतं. बायकोला माझ्या तोंडाचा वास आला होता, तिला कळलंच होतं. पण मुलीसमोर ती काही बोलली नाही. त्या दिवसापासून मी दारू सोडली. ते मी फक्त बायकोला सांगितलं. मित्रांना सांगितलं नाही. त्यांना सांगायचं तर कुत्र्याचंही सांगावं लागलं असतं. शिवाय मला माझी खात्री नव्हती. त्या गच्चीवर, त्या दोघांच्या समोर, पहिला ग्लास आला की माझा हात कुठे जाईल हे मला ठाऊक होतं. म्हणून मी कामं सांगत राहिलो. कधी दौरा, कधी पाहुणे. प्रमोदचे फोन आधी दर शनिवारी यायचे, मग पंधरा दिवसांनी, मग येईनासे झाले.

त्याच हिवाळ्यात बाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नागपुरात भाचीकडे आल्या. प्रमोद आणि विलास फळं घेऊन त्यांना भेटायला गेले. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तिसरा कुठी हाय?" हे दोघं चाचरले. विलासनं सांगून टाकलं, तो आता येत नाही आमच्यात. मग सारवासारव म्हणून म्हणाला, आमची जुनी गच्चीही पाडली बाई, हॉटेलच पाडलं, आता येत्या उन्हाळ्यात बसायला जागाच नाही.

दोन-तीन महिन्यांनी, गुडघा चालता झाल्यावर, मला फोन आला.

"तू कुठी राह्यतं?"

"बाई, मनीषनगरच्या जवळ."

"जवळ म्हंजे काय? कोन्या दिशेले?"

"दक्षिणेला, बाई." मी अडतीस वर्षांचा माणूस, ऑफिसात खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

"गाडी काढ. तुमच्यासाठी गच्ची पाह्याची हाय. तीन दुपार लागतीन."

"बाई, आम्ही तिथं..."

"काय करता थे मले मालूम हाय. मी का लहान हाय? चार वाजता येजो. गच्ची दुपारी पाह्यली पायजे. संध्याकाळी कोनतीबी बरी दिसते."

बाईंना नाही म्हणणं माझ्यानं झालं नाही. मी मनाशी ठरवलं, गच्ची बघून देऊ, शनिवार आला की काहीतरी कारण सांगू.

तर अशा रीतीनं आम्ही नागपूरभर फिरलो. तीन दुपारी, पाच गच्च्या. डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेल्या बाई माझ्या मागे एका बाजूला पाय टाकून बसायच्या आणि प्रत्येक चौकात मला दिशा विचारायच्या. वहीत पाच विषय होते, प्रत्येकाला वीस मार्क. पाय, वारा, पाठ, कान आणि निंबूपाणी.

पाय म्हणजे फरशी किती पोळते. वाऱ्यासाठी त्या ओला रुमाल कठड्याला बांधायच्या आणि तो किती वेळात सुकतो ते बघायच्या. दुसऱ्या गच्चीला चारी बाजूंनी माणसाच्या उंचीची काच होती. मॅनेजर अभिमानानं सांगत होता, मॅडम, सगळं शहर दिसतं. रुमाल उन्हानं कडक झाला पण हलला म्हणून नाही. "पेटीतल्या माशालेबी बाहेरचं दिसते," बाई म्हणाल्या. पाठ म्हणजे कुठल्या खुर्चीवर बसलं तर मावळतीचं ऊन पाठीवर येतं ते. त्यासाठी त्या सगळ्या खुर्च्यांवर आळीपाळीनं बसून बघायच्या. कानाची परीक्षा माझी असायची. त्या टेबलाच्या एका बाजूला बसून वर्तमानपत्रातला हवामानाचा मजकूर नेहमीच्या आवाजात वाचायच्या आणि मी समोर बसून तो परत म्हणून दाखवायचा. तिसऱ्या गच्चीवर स्पीकर तपासणं चालू होतं. मी "कमाल" पर्यंत ऐकलं, पुढचं नाही.

आणि मग निंबूपाणी. प्रत्येक ठिकाणी त्या एक निंबूपाणी मागवायच्या आणि ते कसं येतं ते बघत राहायच्या. तिसऱ्या गच्चीवर निळ्याशार पाण्यात कागदी छत्री खोचून एक ग्लास आला. "हे तं कपड्याची नीळ हाय," म्हणून त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

चौथी गच्ची मला फार आवडली. फरशी पांढरी, वारा मोकळा, गाणी हळू. पहिल्या चार विषयांत तिला बहात्तर मार्क पडले होते. वेटर मात्र निंबूपाणी ऐकून म्हणाला, "मॅडम, नुसतं निंबूपाणी घेणाऱ्यांसाठी खाली फॅमिली रेस्टॉरंट आहे. वर नाही देत."

बाईंनी शून्य लिहिलं आणि उठल्या.

"बाई, हीच घेऊ या," मी म्हणालो. "यापेक्षा चांगली मिळणार नाही."

"एका विषयात नापास तो नापास."

पाचवी गच्ची बघायला मी नाखुशीनंच गेलो. जुनं तीन मजली हॉटेल, लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत, वर चौतीस पायऱ्या. नव्या गुडघ्यानं बाई एकेक पायरी मोजत चढल्या. वर फार काही नव्हतं. सिमेंटचा कठडा, लोखंडी टेबलं, दोन मोठे कुलर, एका कोपऱ्यात कुंडीतला मोगरा. पण एक माणूस पाइप घेऊन फरशीवर पाणी मारत होता, आणि ती फरशी पाणी पीत होती, आणि ओल्या सिमेंटचा तो वास येत होता. बाई त्या वासात उभ्या राहिल्या.

पन्नाशीच्या पुढचा एक वेटर आला. बाईंचं बोलणं ऐकून त्यानं विचारलं, "कोनीकडचे तुमी?" बाई म्हणाल्या, कारंजा. तो शेजारच्याच मंगरूळपीरचा निघाला. त्यांनी निंबूपाणी मागितलं. त्यानं एवढंच विचारलं, "मीठ का साखर?" "दोनी." तो दोन ग्लास घेऊन आला. बिअर ज्या उंच, जाड बुडाच्या ग्लासात देतात त्याच ग्लासांत. दोन्ही ग्लास बाहेरून गारठलेले. एक त्यानं बाईंसमोर ठेवला आणि एक माझ्यासमोर, आणि निघून गेला. मला काही विचारलं नाही.

बाईंनी वीसपैकी वीस लिहिले. मग मी विचारलंच.

"बाई, तुम्ही कधी घेतली नाही, घेणारही नाही. आम्ही येणार बिअर प्यायला. मग निंबूपाण्याला वीस मार्क कशाला?"

बाईंनी कठड्याचा रुमाल सोडला, त्याची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"मागच्या हप्त्यात मी तुह्या घरी गेल्तो. तू हाफिसात होता. तुह्या पोट्टीच्या हनुवटीवर टाक्याची खून पाह्यली. म्या इचारलं, काय झालं? म्हने कुत्रं आडवं आलं. म्या इचारलं, कोन्या दिशेनं आलं?"

मी ग्लास बाजूला सरकवला.

"पह्यले पूर्व म्हने. मंग दक्षिन म्हने. मंग रडाले लागली. म्हने, आजी, कुत्रं नव्हतं." बाई मावळतीकडे न बघता माझ्याकडे बघत होत्या. "म्या तिले जवळ घेतलं. तिले म्हनलं, तू काहून खोटं बोलली थे मले समजलं. पन हे वझं आता तू वागवू नको. तुह्या बाबाचं हाय थे, त्याले देऊन टाक."

 पाणी मारणारा माणूस पाइप गुंडाळत होता.

"तुह्या बायकोनं मंग सारं सांगतलं. दारू सोडली थे चांगलं केलं," बाई म्हणाल्या. "पन सोबती काहून सोडले?"

"त्यांना काय सांगू, बाई?"

"जे हाय थे."

"हसले तर?"

"हसतीन थोडेसे. तू दहावीत दख्खनचं पठार अरबी समुद्रात काढलं होतं. सारा वर्ग हसला. त्यानं मेला का तू?"

घरी जाऊन मी मुलीला मांडीवर घेतलं. मी तिला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. ती एवढंच म्हणाली, "आजीनं सांगितलं होतं तू बोलशील."

बाईंनी तिघांनाही शनिवारी बोलावलं होतं. सात वाजता मी त्या हॉटेलखाली पोहोचलो आणि गाडी लावून गाडीवरच बसून राहिलो. दहा मिनिटं गेली असतील. परत फिरायचं म्हणून दोनदा किल्ली फिरवली. वर बाई येऊन बसल्या असणार हे माहीत होतं, आणि त्या पायऱ्या त्यांनी कशा चढल्या असतील तेही दिसत होतं. मग चढलो.

बाई पश्चिमेच्या भिंतीला पाठ करून बसल्या होत्या. टेबलावर थर्मामीटर. प्रमोद आणि विलास त्यांच्यासमोर वर्गात बसतात तसे ताठ बसले होते.

"आलं का शहानं," प्रमोद म्हणाला. त्याच्या बोलण्यात सहा महिन्यांचा राग होता. मंगरूळपीरचा वेटर आला तसं तो म्हणाला, "तीन बिअर आना. आन बाईसाठी निंबूपानी."

"दोनच," मी म्हणालो. "मला नको."

"काहून? औषध सुरू हाय का?"

"सोडली. दिवाळीपासून."

आणि मग मी सांगितलं. बिअर, वाढदिवस, वळण, टाके, कुत्रं. सांगताना मी टेबलाकडे बघत होतो. संपल्यावर वर बघितलं तर विलासनं चष्मा काढला होता. प्रमोद हसला नाही. तो उठला, कठड्यापर्यंत गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. तिथूनच बोलला.

"पोरीच्या हनुवटीले टाके पडले आन मले मालूम नाई. बारशात तिचं नाव कोनं ठेवलं? मी ठेवलं. सहा महिने आमाले वाटलं तुले आमी नकोसे झालो. तुले असं वाटलं, आमी तुह्या नरड्यात ओतली असती?"

"तसं नाही रे."

"मंग कसं?"

 वेटर वही घेऊन तसाच उभा होता. बाईंनी त्याला जवळ बोलावलं.

"याईच्या दोन आना. दोन निंबूपानी. आन मले एका वाटीत थोडीशी बिअर आना."

कठड्यापाशी उभा असलेला प्रमोद वळला. विलासनं चष्मा परत लावला. वेटरनंही एकदा खात्री करून घेतली, "तुमाले, बाई?"

"हो, मले. तीन दुपार यांच्यासाठी वनवन केली. थे काय हाय थे तं पाहू."

स्टीलच्या वाटीत चार घोट बिअर आली. हे बघायला प्रमोद परत टेबलाशी आला आणि बसला. बाईंनी वाटी नाकाशी नेली, मग डोळे मिटून एक घोट घेतला, आणि औषध घेतल्यावर करतात तसं तोंड केलं.

"कारल्याचा रस हाय हा. याच्यासाठी लोकं गाडीवरून पडते?"

आधी विलास हसला. मग प्रमोद. मग मीही हसलो, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले, ते कोणी बघितलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. माझ्यावरची नजर हटवायला बाईंनी ती वाटी मागवली की त्यांना खरंच चव बघायची होती, हे मला आजही सांगता येणार नाही. बाकीचे तीन घोट त्यांनी मोगऱ्याच्या कुंडीत ओतले.

त्या दोघांनी आपापली बिअर घेतली. माझ्यासाठी कोणी पिणं सोडलं नाही, आणि ते बरं झालं. पहिला अर्धा तास मला जड गेला हे खरं आहे. वास येत होता, ग्लास ओळखीचे होते. बाईंना ते दिसलं असावं, कारण त्यांनी मला एकेक दिवा दाखवून दिशा विचारायला सुरुवात केली. तो टॉवर कोणीकडे, ती पाण्याची टाकी कोणीकडे, कारंजा कोणीकडे. मी उत्तरं देत राहिलो. कधीतरी तो अर्धा तास निघून गेला.

त्या उन्हाळ्यात बाई चार शनिवार आल्या. त्यांच्या सांगण्यावरून स्पीकरचं तोंड भिंतीकडे फिरवलं गेलं आणि ते तसंच राहिलं. शेजारच्या टेबलावरचे लोक त्यांना, बाई, आज पाऊस येईल का, असं विचारायला लागले. त्यांच्या भाचीनं मात्र मला घराखाली गाठून झाडलं. "दादा, तुम्ही आमच्या मावशीला बारमध्ये नेता? लोक काय म्हणतील?" मी खाली मान घालून ऐकत होतो. वरून, बाल्कनीतून बाई म्हणाल्या, "तो नाई नेत मले. मीच त्याले नेतो."

जूनच्या सुरुवातीला त्या कारंज्याला परत गेल्या. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना एकटं राहणं जमेना, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावानं त्यांना धनजला स्वतःकडे नेलं. हे आम्हाला यंदा उशिरा कळलं, प्रमोदच्या आईकडून. एप्रिलच्या शेवटी एका रविवारी आम्ही तिघं समृद्धी महामार्गानं निघालो आणि दुपारी धनजला पोहोचलो.

गावाच्या कडेला स्लॅबचं साधं घर. गच्चीवर जायचा जिना बाहेरून, त्याला कठडा नाही. बाई पुढच्या खोलीत कुलरसमोर खाटेवर होत्या. इतक्या बारीक झाल्या होत्या की विलास उंबऱ्यातच थबकला. आम्हाला बघून त्या हसल्या नाहीत. भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गुढीपाडवा होऊन महिना झाला. मी छताखाली झोपून राह्यलो."

भाऊ आमच्याकडे वळले. "डाक्टरनं सांगतलं, एकबी पायरी चढाची नाई. हे आयकून नाई राह्यली. दररोज तेच."

"मी कुठी चढून राह्यलो?" बाई म्हणाल्या. "हे तिघं चढतीन."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. भाऊंनी आधी नाही म्हटलं, मग बायकोकडे, म्हणजे वहिनींकडे, बघितलं, मग अंगणातली लोखंडी खुर्ची झटकून आणून दिली आणि जिन्याखाली दोन्ही हात वर धरून उभे राहिले, जणू वरून काही पडलं तर ते झेलणार होते. विलास आणि मी मागच्या पायांना, प्रमोद पुढून. सोळा पायऱ्या. आमचीही वयं राहिली नव्हती. मध्येच प्रमोदला दम लागला तर बाई म्हणाल्या, "थांब. घाई करू नको. मी काही पळून नाई जाऊन राह्यलो."

वर ऊन कललं होतं. लांबवर नांगरलेली शेतं होती, एक ट्रॅक्टर जात होता, आणि वारा होता. खुर्ची टेकवल्यावर आम्ही धापा टाकत उभे राहिलो. आम्हाला वाटलं त्या आता काहीतरी विचारतील, निदान पारा बघायला सांगतील. बाईंनी पदर सारखा केला.

"आता तुमी जा खाली. मी हाक मारतो."

आम्ही वरच्या तीन पायऱ्यांवर येऊन बसलो. तिथून त्या दिसत नव्हत्या. भावाच्या घरून चहा आला, तो झाला. अर्धा तास गेला, एक तास गेला.

"काय पाहून राह्यल्या असतीन?" विलास हळूच म्हणाला.

"तुले कायले पायजे?" प्रमोद म्हणाला.

त्यांनी हाक मारली तेव्हा दिवस मावळून गेला होता. चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज जुना, वर्गातला होता. उतरवताना खुर्ची एका बाजूला कलली. प्रमोद ओरडला, मी भिंतीला खांदा लावला, कसंबसं सावरलं. खाली खाटेवर ठेवल्यावर बाईंनी आम्हा तिघांना न्याहाळलं.

"तिघं कमी पडता. मानूस उचलाले चौघं लागते."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. भाऊ बाहेर निघून गेले.  मी म्हणालो, "चौथा शोधू, बाई. पण त्याची घाई नाही."

"घाई कशी नाई?" बाई म्हणाल्या. "उद्या परत वर न्याचं हाय मले."

आम्ही तिघांनी तिथल्या तिथे, बाईंच्या खाटेशी उभं राहून, आपापल्या घरी फोन केले आणि सांगितलं की उद्या येत नाही.